कौलांखालची निळी आग

तुमच्या इमारतीनं शेवटचं काय फेकून दिलं, सांगता येईल तुम्हाला?

तुमच्या घरानं नव्हे. घरातली फुटकी बादली टाकतानासुद्धा माणूस दोनदा विचार करतो. विचारलंय ते इमारतीचं. क्लबहाऊसच्या गच्चीवरचं, लॉबीच्या कोपऱ्यातलं, सगळ्यांच्या वर्गणीचं आणि म्हणूनच कुणाचंही नसलेलं. बाळकुमच्या एका संकुलानं दिवाळी सरल्यावर अशीच एक गॅसची ग्रिल फेकली. चार बर्नरची, काळ्या झाकणाची. मोठ्या हौसेनं आणली होती. दोन पार्ट्या झाल्या, तीन पावसाळे ती ताडपत्रीखाली राहिली, आणि मग कुणीतरी झाकण उचललं तर आत गंजाचा चिवडा. दोन माणसांनी ती गेटाबाहेर ओढत आणली, कंपाउंडच्या भिंतीशी पालथी टाकली आणि हात झटकले.

त्याच भिंतीशी, आठ पावलांवर, आवडाबाई बसते.

सकाळचे सात. धुकं अजून टॉवरच्या चौथ्या मजल्याला लोंबत होतं. आवडाबाईनं टोपली उतरवली, दगडावर टेकली आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिला ग्रिल दिसलीच नाही. तिला होडी दिसली. डांबर लावायला पालथी घातलेली, पाठ वर करून उन्हाची वाट बघत झोपलेली. तिचा सासरा नेमका इथंच होड्या पालथ्या घालायचा. ती ज्या दगडावर बसते, त्या दगडाला दोर बांधायचे. तेव्हा खाडी इथवर यायची. आता यायचं म्हटलं तर बिचारीला दोन रस्ते, एक पेट्रोल पंप आणि अठ्ठावीस मजल्यांचे सहा टॉवर ओलांडून यावं लागेल. तरी भरतीच्या वेळेला दगड गार पडतो, असं आवडाबाई सांगते. हात लावून बग म्हणते. लावणाऱ्याला कधी लागतो, कधी नाही. तिला लागतो. तिनं आयुष्यात घड्याळ बांधलेलं नाही.

आवडाबाई जन्मानं कोलशेतची, लग्नानं बाळकुमची, जातीनं कोळीण आणि स्वभावानं भरतीची. नवरा खाडीत जायचा, ती बाजारात. मग खाडीच्या पाण्याला रंग आले, म्हावरं गेलं, पाठोपाठ नवराही गेला. ती उरली, दगड उरला. त्या दगडाशी तिनं पत्र्याची शेगडी मांडली आणि कोळशावर म्हावरं भाजून द्यायला लागली. बोय, बांगडा, कधी पापलेट. मीठ, हळद, कोकमाचं आगळ, बस. तिनं आजवर कुणाला अहो-जाहो केलेलं नाही. इन्स्पेक्टर आला तरी "बस रं, गरम हाय," एवढंच.

ग्रिल येऊन आठ दिवस झाले असतील. आवडाबाई तिच्यावर ओला पदर वाळत घालायला लागली होती. तेवढ्यात संकुलाचं पत्र आलं. वॉचमननं ते आणून दिलं आणि तोंड फिरवून गेला. संध्याकाळी सुनेनं, मेघालीनं, वाचून दाखवलं.

"कोळशाच्या धुरामुळे रहिवाशांच्या आरोग्यास त्रास होत असल्याने सदर भट्टी महिनाअखेरपर्यंत बंद करावी. महिन्याच्या शेवटच्या रविवारी समिती पाहणी करील. धूर आढळल्यास सदर जागा मोकळी करून घेण्यात येईल."

"सदर म्हंजे?" आवडाबाईनं विचारलं.

"म्हणजे ही. तुमची."

"मंग माजी म्हनून लिवायचं ना. हात दुखलं व्हतं काय?"

मेघाली हसली. ती घोडबंदर रोडच्या एका डॉक्टरकडे रिसेप्शनला बसते. पत्रांची भाषा तिला कळते. "आई, ती माणसं ऐकणार नाहीत. सोडा ना आता. घरी बसा आरामात."

"घरी काय हाय? टीव्ही?"

घरी बसणं का जमायचं नाही, हे मेघालीला माहीत नव्हतं असं नाही. त्या दगडाचा कागद नाही. कुठल्याच सात-बाऱ्यावर तो नाही. होड्या बांधायच्या जागेचा कागद करून ठेवायचा असतो, हे ज्यांना पोहता येत होतं पण वाचता येत नव्हतं त्यांना कोण सांगणार? बसलेलं माणूस, एवढाच त्या जागेचा पुरावा. महिनाभर दगड रिकामा राहिला की तिथं पार्किंगचा पांढरा पट्टा ओढतील. मग दगड उचलतील. मग भरती येईल तेव्हा गार पडायला काही उरणारच नाही.

आवडाबाई त्या रात्री जेवली आणि झोपली. चिडून झोपली म्हणून स्वप्नात खाडी आली. टॉवरच्या खांबांमधून पाणी शिरलं, लिफ्टच्या दारातून बोयांचा थवा आत गेला आणि अठ्ठाविसाव्या मजल्यापर्यंत चढून खिडक्यांतून बाहेर बघत राहिला.

रविवारी दाजी आले.

दाजी नात्यातले नव्हेत, गिऱ्हाईक. मूळचे साताऱ्याकडचे. डोंबिवली एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात एकतीस वर्षं फिटर. व्हॉल्व्ह, पाइप, पंप. निवृत्त झाले तेव्हा कंपनीनं शाल दिली, नारळ दिला आणि नाक ठेवून घेतलं. वास म्हणून काही येत नाही त्यांना. फोडणी करपली तरी कळत नाही, गटार तुंबलं तरी कळत नाही. आता घरबसल्या लोकांच्या गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात आणि माणकोलीचा पूल झाल्यापासून दर रविवारी स्कूटर काढून बाळकुमला येतात. आवडाबाईच्या हातचं भाजलेलं म्हावरं खायला. वास न येणारा माणूस इतक्या लांब कशाला येतो, असं कुणीही विचारेल. तर त्यांची एक रीत आहे. ते समोर उकिडवे बसतात आणि विचारतात, "बाई, आज कसला?"

आणि आवडाबाई त्यांना वास सांगते.

"आज ना, पयला चिखलाचा. गोर चिखल, खाजनातला, ऊन पडल्यावर सुटतो ना, तसा. मंग आंबट. मंग कोलसा. आनि सगल्यात शेवटी, लय बारीक, नवीन मडक्यातल्या पान्याचा."

"गोर म्हंजे?"

"गोड रं."

दाजी डोळे मिटून घास घेतात. त्यांना तो सगळा लागतो. निदान ते तसं म्हणतात.

त्या रविवारी आवडाबाईनं वास सांगितला नाही. पत्र पुढं केलं. दाजींनी चष्मा लावून वाचलं, घडी घातली, आणि त्यांची नजर पालथ्या ग्रिलवर गेली. ते उठले. दोन्ही हातांनी त्यांनी ती उलटवली. झाकण उघडताना गंजानं किंकाळी फोडली. आत त्यांनी बोट घातलं, नखानं खरवडलं, आणि एका नळीतून मातीची लांबट पुडी बाहेर काढली.

"कुंभारीण माशीनं घर केलंय बघा. चारातल्या तीन नळ्या सडल्यात. जाळी गेली. बटणं गेली. पण अंग ठणठणीत आहे." त्यांनी पत्र्यावर टिचकी मारली. "बाई, धूर नको ना त्यांना? त्यांचीच शेगडी पेटवू. त्यांच्याच भिंतीला लागून."

आवडाबाईनं नाक मुरडलं. "गॅसवर म्हावरं? नलाच्या पान्यात होरी चालवायला सांगशील मना." होडीला ती होरी म्हणते, डोंबिवलीकर दाजींना हे कळायला एक पावसाळा लागला होता.

"मग बसा कोळसा फुंकत. महिनाअखेरीला फुंकायलाही जागा राहायची नाही."

भरतीची वेळ होती. तिनं दगडावर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, "कंय जायचं?"

शीळफाट्याला गेले ते. मंगळवारी, स्कूटरवर, आवडाबाई पाठीमागं आडवी बसलेली, टोपलीऐवजी मांडीवर रिकामी गोणी. शीळफाट्याला कामाशिवाय कुणी थांबत नाही. तिथून लोक कुठंतरी जातात. पण रस्त्यालगत पत्र्याच्या वखारी आहेत, एकीला लागून एक. मुंबई-ठाण्यात जे जे नको झालं ते तिथं येऊन पडतं. आवडाबाई आत शिरली आणि थबकली. पंख्यांची पाती, हॉटेलांचे तवे, कुणाच्या जिन्याचे कठडे, सायकलींची चाकं, सगळं एकात एक अडकून शांत पडलेलं. वरच्या फुटक्या पत्र्यातून उन्हाचे खांब उतरलेले, त्यात धूळ तरंगत होती. तिला वाटलं, आपण पाण्याखाली आलोय. तळाशी. इथं जे बुडालं ते सगळं जिवंत आहे, फक्त कुणी हाक मारत नाही म्हणून गप्प आहे.

"अम्मा, पैर संभालके," वखारवाल्यानं हाक दिली. "क्या चाहिए?"

"क्या चाहिए वो मिलेगा तब बोलेगी," आवडाबाई म्हणाली, आणि पदर खोचून ढिगात उतरली.

दाजींनी आधी बर्नर शोधले. एका बंद पडलेल्या उडप्याच्या हॉटेलातल्या लांब नळ्या मिळाल्या, बिडाच्या, जड, वर ओळीनं भोकं पाडलेल्या. त्यांनी एकेक नळी उचलून तिच्यातून उजेडाकडे पाहिलं, दुर्बीण लावल्यासारखं. गॅस सोडणारी बारीक पितळी तोंडं, ज्यांना ते जेट म्हणत, ती मात्र त्यांनी जुन्या घरगुती शेगड्यांची काढून घेतली. "हॉटेलची जेट मोठी असते. आपल्या सिलिंडरला ती लावली तर ज्योत नाही, वणवा निघेल."

जाळीवरून भांडण झालं. आवडाबाईला एक पांढरी, चकचकीत जाळी आवडली. फ्रीजमधली. तिनं ती छातीशी धरली.

"ठेवा ती खाली," दाजी म्हणाले.

"का? नवीकोरी हाय."

"तापली की वरचा मुलामा सुटतो. विष असतं ते. गिऱ्हाईक मारायचंय का?"

"तू आल्यापास्नं नुसता नको नको करतस. मंग काय चुलीवर तुजी शाल घालू?"

तोवर दाजींना भांड्यांची मांडणी दिसली होती. स्टीलची. पूर्वी प्रत्येक स्वयंपाकघरात भिंतीला असायची ती, ताटांची, वाट्यांची, कपांची. मॉड्युलर किचन आली आणि घराघरांतल्या मांडण्या इथं येऊन पडल्या. एकीच्या कपाळावर अजून नाव कोरलेलं होतं: सौ. वासंती यांस, लग्नाप्रीत्यर्थ. दाजींनी लोहचुंबक लावून पाहिलं, हाताला गज किती जाड लागतो ते पाहिलं आणि मान डोलवली: जाळी मिळाली.

आवडाबाईनं नावावरून बोट फिरवलं. वाचता येत नव्हतं तरी. "ही बाय कंय असंल रं आता?"

"असेल कुठं तरी. चांगली खात असेल."

नळी आणि रेग्युलेटर मात्र दाजींनी दुकानातून कोरे आणले. "भंगारात सगळं मिळतं, बाई. जीव मिळत नाही."

पुढचे दहा-बारा दिवस आवडाबाईच्या अंगणात ग्रिल उभी राहत गेली. दाजी दुपारी यायचे, कानशीनं गज घासायचे. मांडणीवरचं वासंतीबाईंचं नाव तेवढं त्यांनी कापलं नाही, कडेला तसंच राहू दिलं. आवडाबाई ओट्यावर बसून कोळंबी सोलत त्यांच्याकडे बघायची आणि मधूनच तिचा डोळा लागायचा. कानशीचा आवाज तिच्या झोपेत शिरायचा आणि तिथं तो वल्ह्याचा व्हायचा.

एकदा दाजींनी तिला जागं करून दाखवलं. "हे बघा. ही नळी. हे तिचं तोंड. गॅस इथून जातो आणि ह्याच तोंडानं ती वारा खाते. वारा पोटभर मिळाला तर ज्योत निळी. नाही मिळाला तर पिवळी, आणि मग काजळी, धूर. समजलं?"

"तोंड हाय तर खानारच," आवडाबाई म्हणाली.

जोडण्यांना साबणाचा फेस लावून दाजींनी गॅस सोडला. फेसाला फुगा आला नाही. तरी ते मागं सरले. "आता तुम्ही या. नाक तुमचं."

आवडाबाई वाकली. जोडापासून जोडापर्यंत, वासराला हुंगावं तशी ती हुंगत गेली. तिसऱ्या बटणापाशी थांबली. "इकरं. लय बारीक. कांदा सरल्यासारका."

सडक्या कांद्याचा वास; साबणाला न कळलेली गळती होती ती. दाजींनी बटण उघडलं, वायसर बदलला आणि कपाळावरचा घाम पुसला. त्यांना स्वतःच्या घरी असं सांगणारं कुणी नव्हतं. ते तसं म्हणाले नाहीत. "एकतीस वर्षं आम्ही असं एक नाक शोधत होतो," एवढंच म्हणाले.

पेटवली तेव्हा दिवेलागण झाली होती. चारी नळ्यांवरून निळा रंग धावत गेला, आवाज न करता. आवडाबाई हातातलं सगळं विसरली. ती आठ वर्षांची झाली. बापाच्या होडीत, कोलशेतच्या खाडीत, अमावस्येला. बापानं वल्हं मारलं की पाणी पेटायचं. निळं. थंड. तिनं हात बुडवला की बोटांभोवती निळी बांगडी उमटायची. तेव्हा खाडीला एवढा अंधार मिळायचा की पाणी स्वतःचा उजेड करायचं. हे तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, त्यात काय, आमीबी बघितलंय.

"बाई? काय झालं?"

"काय नाय. चांगला पेटलाय."

पण म्हावरं चांगलं झालं नाही. पहिली बोय आवडाबाईनं तोंडात घातली आणि थुंकली. "इस्पितलातला हाय यो. आजाऱ्याचा." मासा भाजला होता, पण त्याला वास नव्हता. चरबी खाली गळून ज्योतीत पडायची आणि फुकट जळून जायची. दाजींनी डोकं खाजवलं. जाळी आणि ज्योत यांच्यामध्ये पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्या सडून गेलेल्या. तसल्या शीळफाट्याला मिळाल्या नव्हत्या.

आवडाबाई उठून घरामागं गेली. तिथं जुन्या घराची मंगलोरी कौलं रचून ठेवलेली होती. घरावर स्लॅब घातला तेव्हा मुलगा ती टाकून देणार होता, तिनं टाकू दिली नाहीत. चाळीस वर्षं त्या कौलांखाली तिची चूल पेटली होती. आतल्या बाजूनं ती अजून धुरानं काळी होती. तिनं चार-पाच फोडली, तुकडे दोन दिवस उन्हात कडक वाळवले, कारण ओलं कौल आगीवर फुटतं हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं, आणि ज्योतीवर ओळीनं मांडले.

पुन्हा बोय. चरबीचा पहिला थेंब तापलेल्या कौलावर पडला, चर्र झालं, आणि वर जे आलं ते धूर नव्हतं. नुसता वास. दाजी उकिडवे बसले.

"कसला, बाई?"

आवडाबाईनं डोळे मिटून वास ओढला. "घराचा," ती म्हणाली. "माज्या जुन्या घराचा. सकालचा."

शनिवारपर्यंत ग्रिल दगडाशी नेऊन मांडली. रविवारी अकराला समिती येणार होती. दाजी साडेदहाला पोचणार होते.

आता इथं आवडाबाईनं जे केलं ते दुसऱ्या कुणीही केलं नसतं, आणि कुठल्याही कोळणीनं केलंच असतं. कोरी होडी पूजेशिवाय पाण्यात जात नाही. हळद, कुंकू, अक्षता, नारळ. होडीच्या तोंडाला सगळं वाहायचं, तिला पहिला घास द्यायचा, मगच तिच्याकडून मागायचं. रविवारी सकाळी अंघोळ करून, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, आवडाबाई ताट घेऊन ग्रिलपुढं उभी राहिली. मेघाली नारळ घेऊन मागं. धुकं होतं, भिंतीवर दयाळ पक्षी बोलत होता. आवडाबाईच्या डोळ्यांपुढं ग्रिल हळूच डुलत होती. झाकणाला कुंकू लावलं. पण होडीचं तोंड कळतं, हिचं कुठं?

दाजींनी दाखवलं होतं की. हिला चार तोंडं.

तिनं चारी नळ्यांच्या तोंडात चिमूट-चिमूट हळदकुंकू घातलं. चार-चार दाणे तांदूळ. नारळ फोडला आणि पाणी थोडं थोडं चारींना पाजलं. "खा गं बाय," म्हणाली. "आज माजी लाज राख."

अकराला समिती आली. तिघं. दोन पुरुष आणि सेक्रेटरी हेमांगी, पस्तिशीची, कानात एक इअरफोन, हातात मोबाइल.

"मावशी, मी पर्सनली अगेन्स्ट नाहीये हं," ती आधीच म्हणाली. "पण तेराव्या मजल्यावरच्या काकांना दमा आहे."

"माज्याबी नवऱ्याला व्हता," आवडाबाई म्हणाली. "बस. धूर नाय आता. तुमचीच शेगरी हाय, वलखलीस?"

पुरुषांपैकी एकानं ग्रिलकडे पाहिलं आणि घसा खाकरला. ओळखली होती.

दाजींनी बटण फिरवलं, काडी लावली. फट्. फट् फट्. ज्योत उसळली, पिवळी, चारी नळ्यांवर वेडीवाकडी, आणि तिच्या टोकांवरून काळी काजळी उठून भिंतीवर चढली. खोकला आला सगळ्यांना. हेमांगीचा मोबाइल वर झाला. खोकणारा गृहस्थ म्हणाला, "झालं. पाहिलं. कोळसा बरा होता." दुसरा हसला. आणि ते दोघं फाटकाकडे वळले.

दाजींचा चेहरा पांढराफटक. "काल निळी होती. काल रात्री मी स्वतः... बाई, काय केलंत हिला?"

आयुष्यात पहिल्यांदा आवडाबाईला शब्द सापडेना. मेघालीनं हळूच सांगितलं, "पूजा केली, दाजी."

"पूजा तर करणारच. कुठं केली?"

"तोंडात," आवडाबाई म्हणाली. "तूच तर बोललास, खाते म्हनून."

दाजींनी कपाळावर हात मारला. "अहो, वारा खाते म्हणालो! हळदकुंकू नव्हे! होडी आहे का ही?"

"मंग काय हाय?" आवडाबाईचा आवाज परत आला, आणि असा आला की फाटकातले दोघं वळून बघायला लागले. "तुला लोकंड दिसतंय ते. ही मना या दगडावर ठेवनार हाय, नायतर उठवनार हाय. होरी म्हनू नको तर काय म्हनू? आनि तुमी दोगं! तीन पावसाळं हिला गच्चीवर सरवलीत, एकदा तरी कुंकू लावलंत? तुमी टाकलीत, आमी पूजली. चुकलंच आमचं! आता खोल रं तो, बगतोस काय!"

हेमांगीनं मोबाइल खाली केला. व्हिडिओ चालूच होता, पण आता त्यात फक्त तिच्या चपला येत होत्या. आणि मग ती फसकन हसली. "मावशी, तांदूळ पण घातलेत?"

"अक्षता नायत तर पूजा कसली?"

दाजींनी गॅस बंद केला, नळ्या निववल्या, सोडवल्या. भोकाभोकांत पिवळंलाल लेप बसला होता. आवडाबाईनं खराटा आणला, त्याच्या हिरा, म्हणजे काड्या, मोडल्या आणि मांडीवर नळी घेऊन एकेक भोक मोकळं करायला बसली. तिघी बसल्या, हेमांगीच्या हातात कुणी हीर दिली ते कुणालाच आठवत नाही. पितळी जेट दाजींनी तांब्याच्या बारीक तारेनं साफ केली. ते दोघं गृहस्थ थोडा वेळ थांबले, घड्याळ पाहिलं आणि गेले. कुणी थांबवलं नाही. ऊन वर आलं. हिरा मोडत होत्या, तांदळाचे दाणे टपटप दगडावर पडत होते आणि एक चिमणी ते वेचत होती. हेमांगीला नंतर सांगता आलं नसतं की किती वेळ गेला.

मग काडी. आणि निळा रंग, चारी नळ्यांवरून, आवाज न करता.

कौलं तापली. आवडाबाईनं बोय मांडली. चर्र झालं. दाजी उकिडवे बसले, आणि ह्या वेळी त्यांनी विचारायच्या आधीच हेमांगी म्हणाली, "हा वास... माझ्या आजीकडे, देवगडला... सकाळी..." आणि थांबली.

"सांग त्याला," आवडाबाई म्हणाली. "त्याला येत नाय. नीट सांग."

हेमांगीनं सांगितलं. अडखळत, अर्धं इंग्रजीत. दाजी डोळे मिटून ऐकत राहिले.

खाऊन झाल्यावर तिनं बोटं चाटली, रुमाल शोधला, मग शोधला नाही. "मावशी, खरं सांगते. समितीत मी एकटी नाही. ते दोघं जाऊन लिहिणार, धूर आढळला. मी लिहीन, नाही आढळला. मग विषय सर्वसाधारण सभेत जाईल. पुढच्या रविवारी. हात वर करून ठरेल."

"कती हात?"

"तीनशे बारा फ्लॅट आहेत."

आवडाबाईनं मान वर केली. सहा टॉवर, खिडक्याच खिडक्या, प्रत्येकीत ऊन. तिला त्या खिडक्यांतून बाहेर आलेले हात दिसले, तीनशे बारा, वल्ह्यांसारखे. सगळी वल्ही पाण्याबाहेर वर धरली की होडी थांबते, तिथल्या तिथं, आणि मग ओढ नेईल तिकडे जाते. तिनं डोळे मिटले. दगड गार पडायला लागला होता. भरती होती.

"रविवार लांब हाय," ती म्हणाली. "दुसरी बोय घालू?"

ती अजून बसते आहे. सभा ह्या रविवारी आहे. त्या तीनशे बारा फ्लॅटांपैकी एखादा तुमचा असेल, किंवा तुमच्याही इमारतीच्या भिंतीशी अशीच कुणी बसत असेल आणि तिचा विषय सभेपुढं आलेला असेल, तर एवढं करा: सभेला जाण्याआधी भूक घेऊन तिच्यापुढं जा, हातानं खा, हात धुऊ नका. आणि "उठवा" म्हणणाऱ्यांनी हात वर करा असं कुणी म्हणालं, तर तुमचा तेवढा खाली ठेवा.